सहा फोटो उरतात म्हणून

एका जंगलात, म्हणजे आपल्या इकडच्या नव्हे हं बाळांनो, पार डोंगरापलीकडच्या एका जंगलात, बजाबा नावाचा साळिंदर राहत होता.

बजाबा फार हुशार होता. हे त्याने स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते शोधून काढायचा त्रास पडला नाही. त्याच्या बायकोचं नाव गिरजा. ती हुशार होती की नाही ते कुणाला माहीत नव्हतं, कारण तिला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

दोघांचं बरं चाललं होतं. बिळात कंदांनी भरलेली कणगी होती. बजाबाचे गाल कसे छान टम्म होते. ते गाल नीट लक्षात ठेवा, पुढे सरकारी कामाला लागणार आहेत.

एका वर्षी उन्हाळा असा पडला, की ओढे आटले, डबकी आटली, झरे तर गावाला गेल्यासारखे गायबच झाले. उरला एकच पाणवठा. मग सिंहमहाराजांनी पाणी वाचवण्यासाठी एक समिती नेमली. समिती पाणवठ्याच्या काठावर बसली, पोटभर पाणी प्यायली आणि पाणी फार कमी आहे असा तिने अहवाल दिला.

अहवालात लिहिलं होतं, की यापुढे पाणी प्यायला पास लागेल. तहान लागली एवढ्यावर भागणार नाही. तहान नक्की कुणाला लागली आहे, याचा पुरावा हवा. म्हणून अर्जासोबत दोन फोटो जोडावेत. अर्ज अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत घेतले जातील. पौर्णिमेला संध्याकाळी खिडकी बंद होईल, ती पाऊस पडेपर्यंत उघडणार नाही.

पाऊस पडल्यावर पास कशाला लागेल, असं कुणीतरी विचारलं. त्याला समितीने उत्तर दिलं, की तो विषय दुसऱ्या समितीकडे आहे.

पाणवठ्याजवळच बगळेअण्णांचा फोटो स्टुडिओ होता. बगळेअण्णा जन्मभर एका पायावर उभे राहून फोटो काढत आले होते. "हलू नका" असं ते सगळ्यांना सांगत आणि स्वतःही हलत नसत. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बजाबा आणि गिरजा तिथे गेले.

"किती घेणार?" बजाबाने विचारलं.

"दोन कंद."

"आणि फोटो किती देणार?"

"आठ."

"मला दोन पाहिजेत."

"दोन नाही निघत हो. एका कागदावर आठ बसतात."

"मग पाव कागद छापा आणि अर्धा कंद घ्या."

बगळेअण्णांनी पाय बदलला. असं ते वर्षातून एखाद्याच वेळी करत. "बजाबा, पाव कागद नसतो."

"अहो पण उरलेल्या सहांचं मी करू काय?"

हा प्रश्न अण्णांना उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "ठेवतात लोक."

"कुठे ठेवतात?"

"ठेवतात कुठेतरी. मग लागतात तेव्हा सापडत नाहीत. मग पुन्हा माझ्याकडे येतात."

बजाबाच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. "म्हणजे ही सरळ सरळ लूट आहे! दोनाची गरज आणि आठ गळ्यात मारायचे! सहा फोटो उरतात, सहा! मी काय माझीच जत्रा भरवू घरात?"

त्याचं भाषण चालू असताना गिरजा मागच्या स्टुलावर जाऊन बसली. "अण्णा, माझा काढा," ती हळूच म्हणाली. अण्णांनी काढला. तिला आठ फोटो मिळाले. दोन तिने अर्जाला लावले, सहा कणगीत टाकले आणि विसरली. दुपारी जेवायच्या आत ती पाणवठ्यावर पाणी पिऊनही आली.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली की! बजाबानेही तसंच करायचं आणि पाणी प्यायचं. बाळांनो, म्हणूनच तुम्ही अजून लहान आहात.

बाभळीखाली सरडोबाचं दुकान होतं. सरडोबा रंगाचाच धंदा करायचा. गिऱ्हाईक बघून तो आधी स्वतःचा रंग ठरवायचा, मग मालाचा. बजाबाला येताना बघून त्याने विश्वासू करडा रंग धारण केला.

"या मालक! हे बघा, घरच्या घरी फोटो छापायचं मशीन. बटण दाबा, फोटो घ्या. ना रांग, ना मिनतवाऱ्या. आणि मुख्य म्हणजे, हवे तेवढेच!"

"हवे तेवढेच?" बजाबाचा आवाज भरून आला.

"दोन म्हटलं की दोन. तिसरा मागितलात तरी देणार नाही."

किंमत होती अर्धी कणगी कंद. गिरजा घाबरली. "अहो, दोन कंदांचं काम. त्यासाठी अर्धी कणगी?"

"तुला व्यवहार कळत नाही," बजाबा म्हणाला. "आज दोन फोटो लागले. उद्या लागतील. परवा लागतील. पोरंबाळं होतील, त्यांचे पास होतील. एकदा मशीन घेतलं की जन्मभर फोटो फुकट!"

"मशीन फुकट आहे?"

"मशीन नव्हे गं, फोटो!"

"पण मशीनला तर अर्धी कणगी..."

"तू घरी जा आणि कंद मोजून ठेव," बजाबा म्हणाला, आणि व्यवहार झाला.

तुम्हाला वाटत असेल, सरडोबाने बिचाऱ्याला फसवलं. छे छे! उगाच कुणाच्या पोटावर पाय आणू नका. सरडोबा एक अक्षर खोटं बोलला नाही. बजाबाने जेवढं विचारलं तेवढं त्याने खरं सांगितलं. आता बजाबाने काही विचारलंच नाही, याला तो तरी काय करणार?

मशीन घरी आलं. वीज कुठून आली ते मला विचारू नका. गोष्टीत मधेच बोलू नये.

गिरजाने मोबाईलवर बजाबाचा फोटो काढला. हो, मोबाईल होता. त्या जंगलात पाणी नव्हतं, मोबाईल सगळ्यांकडे होते. फोटो फार सुरेख आला. टम्म गाल, चमकदार नाक, आणि डोळ्यांत दोनाच्या जागी आठ न घेतल्याचं तेज.

आता कागद हवा. साध्या कागदावर शाई पसरते, चकचकीत कागदच लागतो, असं सरडोबाने सांगितलं. तो सुटा मिळत नाही, शंभराचा गठ्ठाच घ्यावा लागतो.

"मला एकच कागद पाहिजे," असं म्हणायला बजाबाने तोंड उघडलं होतं. पण त्याच्या लक्षात आलं, की छापलेले फोटो उरले तर ते नुकसान, आणि कोरे कागद उरले तर ती बचत. हुशार माणसाला असे फरक चटकन कळतात. गठ्ठा घेऊन तो घरी आला.

पहिला फोटो निघाला. बजाबा तो वाळायच्या आतच कचेरीच्या खिडकीकडे पळाला.

खिडकीत घोरपडबाई बसायच्या. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलंच असेल. घोरपडबाई नियमाला चिकटल्या होत्या.

"हे कोण?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"मी."

"निळे?"

"रंग जरासा इकडेतिकडे झालाय. घरी छापलाय ना!" बजाबा अभिमानाने म्हणाला.

"साळिंदर, रंग काळा-तपकिरी, असं नियमात आहे. निळ्याचा रकाना नाही. पुढचे या."

दुसऱ्या दिवशी रंग जमला, पण कान कापले गेले. घोरपडबाई म्हणाल्या, कान नसलेल्याला आम्ही पास दिला तर उद्या त्याला सूचना कशा ऐकू जाणार? तिसऱ्या दिवशी कान आले, पण तोंडावरून पांढऱ्या रेघा गेल्या. चौथ्या दिवशी फोटो इतका मोठा निघाला, की अर्जच त्याच्यावर चिकटवावा लागला असता.

बजाबा सरडोबाकडे गेला. रेघांचं काय करायचं?

"मशीनचं तोंड धुवायला पाहिजे मालक. बटण आहे, दाबा. आपलं आपण धुतं."

बजाबाने बटण दाबलं. आतून खळखळ खळखळ आवाज आला. मशीनने चांगली तीन-चार वेळा चूळ भरली. बजाबा कौतुकाने ऐकत बसला. मग त्याने बघितलं, तर निम्मी शाई संपलेली.

"शाई कुठे गेली?" तो पळत पळत विचारायला आला.

"चूळ भरली ना!"

"शाईने?"

"मग काय पाण्याने भरणार? पाणी कुठे आहे जंगलात?" सरडोबा म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडली. बजाबा पाच दिवस पाणी प्यायला नव्हता.

सकाळी उठून तो दगड चाटायचा. दगडावर दव असायचं, असं त्याचं म्हणणं होतं. जीभ खरखरीत झाली. ओठ फुटले. शेजारपाजारचे विचारायचे, "काय बजाबा, पास झाला का?" तर तो म्हणायचा, "होईल हो, घाई कसली? आणि खरं सांगू, पाण्याचं एवढं काय घेऊन बसायचं? सवय आहे नुसती." एवढं बोलून झालं की त्याला भोवळ यायची. मग तो झाडाला टेकून उभा राहायचा आणि विचार करतोय असं दाखवायचा.

गिरजाला ते बघवेना. पाणवठ्यावरून पाणी बाहेर नेणं हा गुन्हा होता. फाटकावरचा पहारेकरी प्रत्येकाचं तोंड उघडून बघायचा, पंजे उलटे करून बघायचा. सापडलात की तिथल्या तिथे पास फाडायचा. पण साळिंदराच्या शेपटीला पोकळ नळ्यांसारखे काटे असतात, हे समितीच्या ध्यानात आलं नव्हतं. समितीत साळिंदर नव्हतं ना!

गिरजा शेपटी पाण्यात बुडवायची. नळ्या भरायची. मग अजिबात न हलता, काटा काटा जपत घरी यायची. वाटेत कुणी हाक मारली तरी वळायची नाही. एवढ्या जिवाच्या कराराने आणलेलं पाणी व्हायचं जेमतेम वाटीभर. ते ती बजाबाच्या पुढ्यात ठेवायची आणि कंद उकरायला जायची.

पाच दिवस तिने असं पाणी आणलं. पण बजाबाचे गाल काही भरेनात. उलट दिवसेंदिवस खोल जायला लागले. तिला वाटलं, पाणीच कमी पडतंय. सहाव्या दिवशी ती दोन खेपा करायच्या ठरवून निघाली, आणि काहीतरी विसरलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली.

बघते तर काय, बजाबा मशीनपुढे मांडी घालून बसलेला. हातात ओलं फडकं. ते फडकं तो तिच्या वाटीत बुडवत होता आणि मशीनच्या तोंडाला हळूहळू लावत होता.

"सुकलंय तोंड बिचाऱ्याचं," तो मशीनकडे बघत स्वतःशीच बोलत होता. "शाई धरलीय ओठाला. ओलं केलं की सुटेल. पी, राजा, पी."

गिरजाच्या अंगावरचे काटे खळखळून उभे राहिले. नवऱ्यासमोर असे काटे तिने लग्नानंतर पहिल्यांदाच काढले.

"मी पास फाडून घ्यायची तयारी ठेवून पाणी आणते, आणि तुम्ही ते याला पाजता?"

"अगं ऐक तर! त्याचं तोंड सुटलं की फोटो निघेल. फोटो निघाला की पास निघेल. पास निघाला की मी हवं तेवढं पाणी पिईन. ही गुंतवणूक आहे."

"तुमचे ओठ फुटलेत. त्यांना लावा की ते फडकं!"

"माझ्या ओठांचं काय, ते आपोआप बरे होतात. मशीनचे होत नाहीत."

गिरजा मटकन खाली बसली. रागाने तिला रडू फुटलं. "चला," ती डोळे पुसून म्हणाली. "चला उठा, अण्णांकडे जाऊ. दोन कंद मी देते. माझ्या वाटणीचे देते."

बजाबाने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आता? इतकं सगळं घातल्यावर आता अण्णांकडे? म्हणजे इतके दिवस घातले ते सगळे पाण्यातच गेले म्हणायचे."

"पाण्यात गेले असते तर बरं झालं असतं!" गिरजा म्हणाली आणि उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं सोडलं. पाणीही आणलं नाही. आणायचं कुणासाठी?

तर बाळांनो, मशीनचं तोंड सुटलं. ओलं फडकं लावलं की सुटतंच. पण त्याच दिवशी पिवळा रंग संपला.

"मला पिवळा नकोच आहे," बजाबा सरडोबाला म्हणाला. "माझ्या अंगावर पिवळं आहेच कुठे?"

"तुमच्या अंगावर नसेल. मशीनला लागतो. एक रंग नसला की ते बाकीचेही देत नाही. एकीचं बळ आहे त्याच्यात."

"मग पिवळा द्या."

"सुटा नाही मिळत. चारांचा संच घ्यावा लागतो. आणि मनातलं सांगू का मालक? तुम्ही घरचे म्हणून सांगतो. संचाची किंमत मशीनपेक्षा जास्त आहे. त्यापेक्षा नवं मशीनच न्या. त्यात शाई फुकट येते."

"फुकट?" बजाबाने डोळे मोठे केले. फुकट म्हटलं की त्याला कितीही तहान लागली असली तरी तरतरी यायची.

नवं मशीन आलं. कणगीचा तळ दिसायला लागला. कणगीच्या तळाशी गिरजाचे सहा फोटो होते, तेवढेच उरले. आता खायलाही नव्हतं. पण बजाबाचा उत्साह काय वर्णावा! तो छापत राहिला. एक फोटो हिरवट आला, एक गुलाबी आला, एकात दोनदा नाक आलं. गठ्ठा संपला म्हणून उधारीवर दुसरा गठ्ठा आला. बिळात पाय ठेवायला जागा उरली नाही. जिकडे बघावं तिकडे बजाबा. त्यातलं एक साळिंदर मध्ये बसलेलं असायचं, हडकुळं, डोळे खोल गेलेलं. तेच तेवढं छापलेलं नसायचं.

गंमत सांगू? एवढं होऊन बजाबाचा हिशेब पक्का होता. जेवढे जास्त फोटो छापू तेवढा एकेक फोटो स्वस्त पडतो, हे त्याला सिद्ध करता येत होतं. आणि ते खरंच होतं. पन्नासाव्या फोटोपेक्षा शंभरावा स्वस्त पडला, शंभराव्यापेक्षा दीडशेवा. असाच छापत राहिला असता तर एक दिवस मशीनवाल्यानेच त्याला कंद दिले असते.

शेवटी पौर्णिमा उजाडली. आणि त्या दिवशी दुपारी, कसं कोण जाणे, मशीनमधून दोन फोटो निघाले. अगदी मापात. रंग काळा-तपकिरी. कान दोन, नाक एक. पार्श्वभूमी शुभ्र. गाल टम्म.

बजाबाने ते हातात घेतले आणि त्याला उभं राहता येईना. पण तो उठला. धडपडत, भिंती धरत, झाडं धरत तो कचेरीकडे निघाला. गिरजा लांबून बघत होती. राग होता, तरी तिला राहवेना. ती मागोमाग गेली. बगळेअण्णाही दुकान बंद करून खिडकीपाशी येऊन उभे राहिले होते. शेवटचा दिवस असला की गंमत बघायला सगळेच येतात.

घोरपडबाईंनी फोटो हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. पट्टीने मापला.

"उत्कृष्ट," त्या म्हणाल्या. "इतका नियमात बसणारा फोटो मी या पंधरवड्यात बघितला नाही."

बजाबाने गर्दीकडे वळून बघितलं. बगळेअण्णांकडे जरा जास्तच बघितलं.

"यांना पुढे बोलवा," घोरपडबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"हे फोटोत आहेत त्यांना."

"अहो मीच तो!"

घोरपडबाईंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा बजाबाकडे. "यांना गाल आहेत," त्या म्हणाल्या.

"मलाही होते! पंधरा दिवसांपूर्वी होते!"

"पंधरा दिवसांपूर्वीच्या तक्रारी इथे घेत नाही. साक्षीदार आहे का कोणी?"

"ती बघा, माझी बायको!"

गिरजाला पुढे बोलावलं. घोरपडबाईंनी तिच्यापुढे फोटो धरला. "बाई, हे कोण?"

गिरजाने फोटो बघितला. ते गाल, ते नाक, तो जरासा आगाऊ पण चांगला चेहरा. तिला एकदम भरून आलं. "हा माझा नवरा," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. बजाबा. फार चांगला होता."

खिडकीत धाडकन शिक्का बसला.

"आणि हे कोण?" घोरपडबाईंनी बजाबाकडे बोट केलं.

गिरजाच्या पोटात पंधरा दिवसांचा राग होता, तो बाहेर आला. "हे होय?" ती म्हणाली. "हे कोण ते मला माहीत नाही. पंधरा दिवस आमच्या घरात मशीनपाशी बसलेले असतात."

गर्दी हसली. घोरपडबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

"बजाबा साळिंदर यांचा पास मंजूर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "फोटोप्रमाणे जे असतील, त्यांनी येऊन पाणी प्यावं. हे दुसरे जे आहेत, त्यांनी खिडकी सोडावी."

आता गिरजा भानावर आली. "अहो बाई, थांबा! हाच तो! मी रागाने बोलले. नवऱ्याला बायको असं बोलते, तुम्हाला माहीत नाही का?"

"साक्ष एकदाच होते."

बगळेअण्णांनी दुसरा पाय खाली टेकला. जन्मात पहिल्यांदाच ते दोन्ही पायांवर उभे होते. "मी आत्ता याचा फोटो काढतो," ते म्हणाले. "आहे तसा, हडकुळा. फुकट काढतो. नवा अर्ज घ्या."

"कुणाच्या नावाने?"

"बजाबाच्या."

"त्या नावाने पास निघालेला आहे. एका नावाला एक पास. जंगलात दोन दोन बजाबा कसे चालतील?" घोरपडबाईंनी खिडकीची फळी खाली ओढली. मग काहीतरी आठवून थोडीशी वर केली. "पण तुम्ही निराश होऊ नका. पास फुकट जाणार नाही. तुमचा चेहरा भरला, फोटोसारखा झाला, की केव्हाही या. पहारेकऱ्याला दाखवा आणि पाणी प्या."

"चेहरा भरायचा कसा?" बजाबाने विचारलं. त्याचा आवाज फाटला होता.

"भरपूर पाणी प्या," घोरपडबाई म्हणाल्या आणि फळी बंद झाली.

गर्दी पांगली. बजाबा पास हातात धरून तिथेच बसला. पासवरचा बजाबा मजेत हसत होता. त्याला तहान लागलेली दिसत नव्हती.

गिरजा तडक पाणवठ्याकडे निघाली. ती फाटकातून आत गेली. पाणी प्यायली. शेपटी बुडवून बराच वेळ उभी राहिली. मग काटा काटा जपत, पहारेकऱ्यासमोरून, न हलता बाहेर आली. बजाबाला तिने बखोटीला धरलं आणि करवंदीच्या जाळीमागे ओढत नेलं.

"तोंड उघडा."

त्याने उघडलं.

"माझ्यासमोर गिळायचं. एक थेंब कुणाला द्यायचा नाही. फडकं कुठंय? आणा इकडे." फडकं तिने लांब भिरकावून दिलं आणि शेपटी त्याच्या तोंडावर धरली.

बजाबा प्यायला. पंधरा दिवसांनी तो पहिल्यांदा घसा ओला होईस्तोवर प्यायला. शेवटची नळी रिकामी झाली, तेव्हा त्याने बायकोकडे बघितलं. ती जाळीतून फाटकाकडे नजर ठेवून होती. पकडली गेली असती तर आज तिचाही पास गेला असता. हे त्याला आत्ता कळलं, आणि जे काय कळलं ते सगळं एकदमच कळलं. त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

नेमक्या तेव्हाच घोरपडबाई कचेरी बंद करून, डबा हलवत, त्या वाटेने घरी निघाल्या होत्या. जाळीपाशी त्या थबकल्या. पिशवीतून वही काढली.

"पाणवठ्याच्या हद्दीबाहेर एवढं पाणी?" त्या म्हणाल्या. "कुणाचं आहे हे?"

"त्याचं स्वतःचं आहे हो," गिरजा हात जोडून म्हणाली. "रडतोय तो."

"तसं लिहून द्या," घोरपडबाई म्हणाल्या. "आणि रडतानाचे दोन फोटो जोडा."

तात्पर्य : बाळांनो, फोटो नेहमी घरीच छापावेत. दुकानात गेलं, तर दहा मिनिटांत फोटो मिळतो, दुपारपर्यंत पाणी मिळतं, आणि मग उरलेला सबंध उन्हाळा हुशार माणसाने करायचं काय?